शेवटचा नळ

घरची गृहिणी आजारी पडल्यावांचून घराचा संसार कोण चालवीत होतें हें घरांतल्या माणसांस कळत नाहीं, असा बहुतेकांचा अनुभव आहे. गांवाच्या संसाराचीहि तीच गोष्ट. नळास पाणी येतें, रस्त्यावरचे दिवे लागतात, केर उचलला जातो, दवाखान्याचें दार उघडें असतें, तोंवर या सर्व गोष्टी सूर्योदयासारख्या आपोआप होतात असें आपण धरून चालतों. आपल्या नाशिकसारख्या शहरांत तर याविषयीं विचार करण्याची पाळी क्वचितच येते. येथें १८६४ सालीं नगरपालिका स्थापन झाली व १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. पाणी एका खात्याकडे, वीज दुसऱ्याकडे, औषधोपचार तिसऱ्याकडे. एक दार बंद असलें तर दुसरें ठोठावतां येतें, आणि कारभारी न आवडल्यास निवडणुकीच्या दिवशीं तो बदलतांहि येतो.

परंतु विद्यार्थी मित्रांनो, असें एक गांव डोळ्यांपुढें आणा कीं, जेथें राहतें घर, नळ, दिवा, दुकान, शाळा, दवाखाना, खेळाचें मैदान, हीं सारीं एकाच धन्याचीं आहेत. आणि तुमच्या वडिलांस दरमहा पगार देणारा धनीहि तोच आहे. तालुक्याचें गांव दूर, मोठें शहर त्याहून दूर, आणि भोंवतीं माळरान. अशा गांवास कारखान्याची वसाहत म्हणतात. तिचा कारभार कसा चालतो, कसा चालावा, आणि धनी उठून गेल्यावर तिचें काय होतें, याचा कांहीं भाग मीं पुस्तकांत वाचला आहे व कांहीं भाग डोळ्यांनीं पाहिला आहे. तो तुमच्यापुढें व तुमच्या वडीलमंडळींपुढें मांडण्याचा विचार आहे.

आपल्या जिल्ह्यांत अशा वसाहती थोड्या नाहींत. नाशिक रोड येथें १९२५ सालीं मुद्रांकांचा व १९२८ सालीं नोटांचा छापखाना सुरू झाला, आणि त्यांच्याभोंवतीं नोकरवर्गाची वस्ती वाढली. मालेगांव तालुक्यांत रावळगांव येथें शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रेरणेनें १९३३ सालीं साखरेचा उद्योग उभा राहिला. ओझर येथें १९६४ सालीं विमानांचा कारखाना आला आणि माळावर एक नवें नगर वसलें. या सर्वांच्या पुष्कळ आधीं, १८५४ सालीं, रेव्हरंड डब्ल्यू. एस. प्राइस यांनीं नाशिकच्या वेशीबाहेर शरणपूर ही वस्ती स्थापिली. तेथें शाळा होती, सुतारकाम व लोहारकाम शिकण्याची सोय होती, आणि गुलामांच्या गलबतांतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांस तेथें आसरा मिळे. नाशिकास शिकलेला असाच एक तरुण, जेकब वेनराइट, १८७४ सालीं डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांच्या देहाची सोबत करीत इंग्लंडपर्यंत गेला. १८७५ च्या सुमारास तेथील बरेच आफ्रिकन लोक मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउन येथें राहावयास गेले. शरणपूर आतां शहरांत मिसळून गेलें आहे. रस्त्याच्या नांवांत मात्र तें शिल्लक आहे. वसाहती वसतात, वाढतात, आणि कधीं विखुरतात, हें यावरून दिसतें. म्हणून त्यांच्या कारभाराचा विचार करतांना आजचें सुख तेवढें पाहून भागत नाहीं. उद्यांची गोष्टहि पाहावी लागते.

महाराष्ट्रांतील अशा वसाहतींचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण किर्लोस्करवाडीचें होय. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुंबईस चित्रकला शिकण्यासाठीं गेले होते. परंतु कांहीं रंगांतील भेद आपल्या डोळ्यांस ओळखतां येत नाहीं असें आढळून आल्यावर त्यांनीं कुंचला खालीं ठेवला व यंत्रांची वाट धरली. कांहीं काळ मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षकाचें काम, नंतर बेळगांवीं सायकलींचें दुकान, मग कडबा कापण्याचें यंत्र आणि शेवटीं लोखंडी नांगर, असा त्यांचा प्रवास झाला. लोखंडानें जमिनीस विषबाधा होते अशी समजूत असल्यामुळें शेतकरी त्या नांगरास हात लावावयास भीत. तशांत बेळगांवची जागा सोडण्याचा प्रसंग आला. त्या वेळीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन व १०,००० रुपये कर्जाऊ देऊं केले. १० मार्च १९१० हा वाडीचा स्थापनादिवस मानितात. जमीन म्हणाल तर निवडुंगाचें रान, खडक आणि सापांची वस्ती. तेथें सुमारें २५ कामगार आपापलीं कुटुंबें घेऊन लक्ष्मणरावांबरोबर राहावयास आले.

आतां विचार करा. नांगर ओतावयास भट्टी पाहिजे हें खरें. परंतु भट्टीपाशीं दिवसभर उभा राहणारा मनुष्य रात्रीं कोठें निजणार? त्याची बायको पाणी कोठून आणणार? मूल तापानें फणफणलें तर औषध कोण देणार? शहरांतील कारखानदारास हे प्रश्न पडत नाहींत. कामगार शहरांतून येतो व शहरांत परत जातो. माळावरच्या कारखानदारास मात्र नांगराच्या आधीं या प्रश्नांचें उत्तर द्यावें लागतें. लक्ष्मणरावांनीं हें ओळखलें होतें. शंभूअण्णा जांभेकर यंत्रांचें पाहत, मंगेशराव रेगे हिशेब पाहत, के. के. कुलकर्णी व्यवहार सांभाळीत; आणि वाडीची आंखणी व व्यवस्था लक्ष्मणरावांचे वडील बंधु रामूअण्णा यांच्याकडे होती. ही वांटणी मला फार महत्त्वाची वाटते. गांवाचा संसार हें उरल्यासुरल्या वेळांत करावयाचें काम नव्हे. तें एक स्वतंत्र काम आहे, व त्यास यंत्रांइतकाच जाणता मनुष्य लागतो, हें त्या मंडळींनीं पहिल्यापासून मानिलें.

वाडीच्या आणखी कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. तुरुंगांतून शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनीं रात्रीच्या पहाऱ्याचें काम सोंपविलें. ज्यांना लोक भीत त्यांच्याच हातीं लोकांची झोंप दिली, आणि त्या माणसांनीं तो विश्वास राखिला. अस्पृश्यतेस वाडींत थारा द्यावयाचा नाहीं असाहि त्यांचा निश्चय होता. १९२० सालीं शंकरराव किर्लोस्कर यांनीं 'किर्लोस्कर खबर' हें पत्र सुरू केलें. प्रथम तें कारखान्याच्या बातम्या देणारें छोटें पत्र होतें. पुढें त्याचें 'किर्लोस्कर' मासिक होऊन तें महाराष्ट्रांतील घरोघरीं वाचलें जाऊं लागलें, व १९३० सालीं त्याच्या जोडीस 'स्त्री' मासिक आलें. दूरच्या वस्तीस पाण्याइतकीच बातमीचीहि तहान असते. चार माणसें एकमेकांचें वाचतात, एकमेकांस उत्तर देतात, तेव्हां केवळ घरांच्या रांगांचें गांव बनतें. १९४८ सालच्या आरंभीं, महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींत वाडीच्या कारखान्यास आग लावण्यांत आली. तरी तो पुन्हां उभा राहिला. कुंडल रोड स्टेशनास आज वाडीचेंच नांव आहे, आणि तेथें पंप तयार होतात.

हें झालें पुस्तकांतलें. आतां पाहिलेलें सांगतों.

माझे थोरले मामा खानदेशांतील एका सूतगिरणीच्या वसाहतीचे व्यवस्थापक होते. गिरणीचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. तालुक्याचें गांव तेथून सहा कोसांवर. वसाहतींत सुमारें २४० घरें. टेंकाडावर पाण्याची टाकी, टाकीखालीं अधिकाऱ्यांचे बंगले, मग कारकुनांच्या जोडघरांच्या रांगा, त्यांच्या खालीं कामगारांच्या चाळी, आणि अगदीं शेवटीं, ओढ्याच्या कांठीं, झाडूवाल्यांचीं बारा घरें. मे महिन्याची व नाताळची सुटी मी मामांच्याच घरीं काढीत असें. त्यांच्या कमरेस किल्ल्यांचा जुडगा, हातांत विजेची बत्ती व काखेंत एक लांबट वही, अशी त्यांची मूर्ति अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. एकदां मीं विचारलें, "मामा, तुम्ही नेमकें काम काय करतां?" ते हंसून म्हणाले, "अरे बाळ, कोणाच्या लक्षांत येऊं नये असें काम मी करतों. ज्या दिवशीं लोकांच्या लक्षांत येईल, त्या दिवशीं काहीं तरी बिघडलें असें समज."

ती लांबट वही म्हणजे तक्रारींची वही. तींत पांच रकाने होते: तारीख, घराचा क्रमांक, तक्रार, केलेली तजवीज, आणि तक्रार करणाराची सही. माझें अक्षर बरें म्हणून सुटींत तिची स्वच्छ नक्कल करण्याचें काम मजकडे येई. दहा-बारा वर्षांच्या मुलास त्यांत गंमत वाटावी असें कांहीं नव्हतें. तरी लिहितां लिहितां एक गोष्ट ध्यानांत आली. बंगल्यांच्या तक्रारी शिपायाबरोबर चिठीनें येत व त्यांत 'ताबडतोब' हा शब्द असे. चाळींच्या तक्रारी बायका तोंडीं सांगत, आणि सांगतांना 'होईल तेव्हां करा' असें म्हणत. मोठ्या घराचा गळका नळ व लहान घराचा कोरडा नळ यांत कोणता आधीं पाहावयाचा, याचा निर्णय करणें हाच व्यवस्थापकाचा खरा उद्योग होता.

तो निर्णय मामा कसा करीत तें पाहण्यासारखें होतें. टाकीचें पाणी उतारानें खालीं येतें. परंतु नळवाट जसजशी लांबते तसतसा पाण्याचा जोर घटतो, आणि वाटेंत वरच्या घरांच्या तोट्या मोकळ्या असल्या तर खालच्या टोंकास थेंबहि पोंचत नाहीं. म्हणून मामा पहांटे उठून प्रथम बंगल्यांकडे जाणाऱ्या फांट्याची झडप बंद करीत व खालच्या चाळींचें पाणी सोडीत. चाळी व ओढ्याकांठचीं घरें भरलीं म्हणजे मग बंगल्यांची पाळी. वरच्या घरांस जोराचें पाणी अर्ध्या तासांत पुरे होई; खालच्या घरांस तेंच पाणी दीड तासहि पुरलें नसतें.

पाण्यांत जंतुनाशक पूड टाकीत असत. तिचा अंश पाण्यांत राहिला आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं मामांजवळ एक औषधाची बाटली होती. कांचेच्या नळींत पाणी घेऊन त्यांत त्या औषधाचे थेंब टाकले कीं पाणी फिकट पिवळें होई. पिवळें न झालें तर पाणी निर्धास्त नव्हे असें समजावें. ही परीक्षा टाकीपाशीं करणें सोपें होतें. मामा मात्र नळी घेऊन टेंकाड उतरून झाडूवाल्यांच्या वस्तींतील शेवटच्या नळापाशीं जात. मीं कारण विचारलें तेव्हां ते म्हणाले, "टाकींत औषध आहे हें मला ठाऊकच आहे, मीच तें टाकलें. शेवटच्या नळास तें पोंचलें, तर वाटेंतल्या सगळ्यांस पोंचलें. परीक्षा नेहमीं शेवटच्या नळापाशीं करावी." इतर अनेक वडिलांचे अनेक उपदेश मी विसरलों, हा विसरलों नाहीं.

एका उन्हाळ्यांत नदी आटली व पाणी दिवसाआड सोडण्याची वेळ आली. बंगल्यांपैकीं एका घरीं लग्नाचे पाहुणे उतरले होते. वरिष्ठांकडून निरोप आला कीं, बंगल्यांच्या फांट्याची झडप दिवसभर मोकळी ठेवावी. मामांनीं नम्रपणें उत्तर पाठविलें कीं, आज्ञा शिरसावंद्य आहे. ती लेखी मिळाल्यास तिची एक प्रत चाळींच्या सूचनाफलकावर लावण्याची व्यवस्था करतों, म्हणजे पाणी कां येत नाहीं तें लोकांस समजेल. लेखी आज्ञा आली नाहीं. पाहुण्यांसाठीं दोन टांक्या बैलगाडीनें आणवून मामांनीं तेंहि काम निभावलें, आणि झडप पूर्वीप्रमाणेंच पहांटे बंद होत राहिली.

त्याच उन्हाळ्यांत एका रात्रीं शेवटच्या चाळींतील एक बाई दाराशीं आली. "साहेब, मेहरबानी करा, आमच्या नळाचं बघा," असें ती काकुळतीनें म्हणाली. मामा वही उघडून म्हणाले, "बाई, मेहरबानी म्हणूं नका, तक्रार म्हणा. मेहरबानीला या वहींत रकाना नाहीं." ती बाई प्रथम गोंधळली, मग तिनें आपल्या घराचा क्रमांक सांगितला व सहीच्या ठिकाणीं अंगठा उठविला.

मामांविषयीं मला अभिमान आहे. तरीहि मोठेपणीं एक प्रश्न मनांत येऊं लागला: किल्ली चांगल्या मनुष्याच्या हातीं आहे एवढ्यावर गांवानें विसंबून राहावें काय? मामांच्या जागीं दुसरा कोणी असता तर झडप मोकळी राहिली असती, आणि शेवटच्या चाळींतील लोकांस दाद मागावयास ठिकाण नव्हतें. घर धन्याचें, नोकरी धन्याची. तक्रार करावी तर दोन्हींवर पाणी सोडण्याची तयारी पाहिजे.

परदेशांतहि या प्रश्नानें माणसांस छळलें आहे. अमेरिकेंत शिकागोजवळ जॉर्ज पुलमन या रेल्वेच्या डब्यांच्या कारखानदारानें १८८० पासून एक सुंदर गांव बांधिलें. पक्कीं घरें, बाग, ग्रंथालय, सर्व कांहीं होतें. परंतु तेथील कोणासहि आपलें घर विकत घेतां येत नसे. १८९३ सालीं व्यापारांत मंदी आली. कंपनीनें मजुरी उतरविली, पण घरभाडें उतरविलें नाहीं. एका हातानें कमी दिलें व दुसऱ्या हातानें तेवढेंच घेतलें, तेव्हां मे १८९४ मध्यें मोठा संप झाला, रेल्वे ठिकठिकाणीं अडल्या, सैन्य बोलवावें लागलें. अखेर १८९८ सालीं इलिनॉय राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, असें गांव बाळगण्याचा अधिकार कंपनीस नाहीं. उलट इंग्लंडांत बर्मिंगहॅमजवळ जॉर्ज कॅडबरी यांनीं बोर्नव्हिल हें गांव वसविलें, आणि १९०० सालीं तें आपल्या हातून काढून एका विश्वस्त मंडळाच्या हवालीं केलें. दोन्ही ठिकाणीं बागा होत्या, दोन्ही ठिकाणीं घरें चांगलीं होतीं. फरक इतकाच कीं, एकानें किल्ली मुठींत ठेविली व दुसऱ्यानें ती वेळीं सोडिली.

किर्लोस्करवाडी ज्या औंध संस्थानांत होती त्याचीच गोष्ट घ्या. १९३९ सालीं बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं आपण होऊन राज्याचा अधिकार प्रजेच्या हातीं देणारी घटना जाहीर केली. तिची रचना गांधीजींच्या सल्ल्यानें झाली होती, आणि तिचा पाया गांवोगांवच्या पंचायतींवर होता. राजानें दिलेलें सुख आणि प्रजेनें चालविलेलें सुख यांतील अंतर ओळखणारा राजा आपल्या महाराष्ट्रांत होऊन गेला, हें आपणांस ठाऊक असावें.

मामांच्या वसाहतीस हा धडा फार उशिरां व फार कठीण रीतीनें शिकावा लागला. मी नाशिकास महाविद्यालयांत असतां, १९९९ सालीं, गिरणी बंद पडली. प्रथम रस्त्यावरचे दिवे एकाआड एक लागूं लागले. मग डॉक्टर गेले, आणि दवाखान्याच्या दारास कुलूप लागलें. शाळेचे शिक्षक चार महिने बिनपगारी शिकवीत राहिले. नंतर त्यांनाहि जावें लागलें. शेवटीं विजेची बाकी थकली म्हणून नदीवरच्या पंपाची वीज तोडण्यांत आली, आणि ज्या नळांकडे इतकीं वर्षें कोणी वळून पाहिलें नव्हतें ते कोरडे पडले. ज्यांना अन्यत्र काम मिळालें तीं कुटुंबें गेलीं. सुमारें ९० घरें मागें राहिलीं. त्यांना जाण्यास जागा नव्हती. बायकामुलें दीड मैलावरच्या एका मळ्यांतील विहिरीवरून पाणी आणूं लागलीं.

लोक शेजारच्या ग्रामपंचायतीकडे गेले. पंचायतीनें दप्तर उघडून दाखविलें: वसाहतीचे रस्ते, नळ, टाकी, घरें, यांपैकीं एकाचीहि नोंद त्यांत नव्हती. तें सारें गिरणीचें. आणि गिरणी कर्जाच्या वादांत अडकलेली. चाळीस वर्षें ज्या गांवांत माणसें जन्मलीं, वाढलीं व मेलीं, तें गांव सरकारी कागदांवर गांव नव्हतेंच!

मामा तेव्हां सेवानिवृत्त होण्यास आले होते. त्यांचाहि पगार बंद होता. एका रविवारीं संध्याकाळीं शाळेच्या ओसरीवर लोक जमले. मी त्या वेळीं तेथें होतों. कोणी म्हणाला कंपनीस अर्ज करूं, कोणी म्हणाला मंत्र्यांकडे जाऊं. बराच वेळ वाद झाल्यावर मामांनीं कमरेचा जुडगा काढून मेजावर ठेविला, त्याच्याशेजारीं ती लांबट वही ठेविली, आणि म्हणाले, "या किल्ल्या मी परत घेणार नाहीं. दर रांगेंतून एक याप्रमाणें पांच माणसें निवडा. दोन बायका असूं द्या, कारण पाणी त्याच भरतात. आणि शेवटच्या नळावरचा एक मनुष्य असलाच पाहिजे. झडपा कशा फिरवावयाच्या तें मी शिकवितों."

पांच माणसें निवडलीं गेलीं. एका शेतकऱ्याकडून तेलाचें इंजिन भाड्यानें आणलें. दर घरास महिन्यास ५० रुपये वर्गणी ठरली. जमाखर्च शाळेच्या फळ्यावर, येणाराजाणारास दिसेल असा, लिहिला जाऊं लागला. पहिले दोन महिने भांडणांत गेले. कोणी वर्गणी देईना, कोणी दोन तोट्या बसवी. ज्यांनीं पैसे दिले नाहींत त्यांचा नळ तोडावा असें कांहींचें मत पडलें. तेव्हां झाडूवाल्यांच्या वस्तींतून निवडून आलेली बाई म्हणाली, "नळ तोडला तर तो दुसऱ्याच्या नळावर रांग लावील, अन् भांडण वाढंल. त्यापरीस पैसे नसतील त्यानं टाकी धुवावी." हा नियम सर्वांस पटला. ज्या बाईस टेंकाडावर कधीं कोणी विचारलें नव्हतें, तिच्या सल्ल्यानें वसाहतीचें पाणी टिकलें.

हें सर्व सुखान्त झालें असें मी म्हणणार नाहीं. डॉक्टर पुन्हां आले नाहींत. शाळा उघडली नाहीं. मुलें अडीच मैल चालून दुसऱ्या गांवीं जाऊं लागलीं, आणि त्यांतील कित्येक मुली घरींच राहिल्या. दोन वर्षांनीं पंचायतीनें वसाहत आपल्या हद्दींत घेतली व पाण्याची योजना चालवावयास घेतली. तोंवर तीच पांच माणसें तीं चालवीत होतीं. पण मला राहून राहून वाटतें कीं, हीच पंचमंडळी गिरणीच्या भरभराटीच्या काळांत निवडली असती, पाण्याबरोबर शाळेचा व दवाखान्याचाहि कारभार थोडथोडा त्यांच्या हातीं आला असता, तर त्या मुलींची शाळा कदाचित् सुटली नसती. पोहणें शिकावयाचें तें पूर येण्याआधीं.

या अनुभवांतून मला जें समजलें तें थोडक्यांत असें. गांवाचा संसार हें स्वतंत्र काम आहे. त्यास रामूअण्णांसारखा, सर्व वेळ तेंच पाहणारा मनुष्य पाहिजे. त्या कामाची परीक्षा टाकीपाशीं न होतां शेवटच्या नळापाशीं व्हावी. अधिकाऱ्याच्या अंगणांतील बागेवरून वसाहतीची किंमत करूं नये. आणि तिसरें, सर्वांत अवघड, असें कीं मालक कितीहि उदार असला तरी त्यानें जें दिलें तें चालविण्याची विद्याहि द्यावी; व घेणारांनीं देणगीबरोबर ती विद्याहि मागून घ्यावी. उपकारानें मिळालेलें पाणी तहान भागवितें खरें. पण पंप बंद पडला म्हणजे तो सुरू करण्यास तो उपकार येत नाहीं.

आपल्या शाळेचे कित्येक पालक अशाच वसाहतींत राहतात. त्यांना माझी विनंति आहे कीं, आपल्या वसाहतीचें पाणी कोठून येतें, तिचे रस्ते कोणाच्या दप्तरांत आहेत, हें एकदां मुलांसह जाऊन विचारून यावें. कोणावर अविश्वास दाखविण्यासाठीं नव्हे. आपल्या घरचा पाया आपण पाहून ठेवावा तसें.

आणि विद्यार्थी मित्रांनो, शाळा हीहि एक लहानशी वसाहतच आहे. वर्ग, दिवे, ग्रंथालय, पिण्याचें पाणी, सारें तुम्हांस तयार मिळतें. ग्रंथालयाच्या पुस्तकांची नोंद ठेवणें, पाण्याच्या खोलीची पाळी सांभाळणें, खेळाच्या साहित्याचा हिशेब लिहिणें, हीं कामें शिक्षक तुमच्यावर सोंपवितात तेव्हां त्यांचा हेतु आपला भार हलका करण्याचा नसतो. तुमच्या हातीं ते एक एक किल्ली देत असतात. ती घेतलीत म्हणजे वर्गांतील सर्वांत मागच्या बांकावरच्या मुलापर्यंत पुस्तक पोंचलें कीं नाहीं, सर्वांत धाकट्या इयत्तेस पाणी मिळालें कीं नाहीं, हें आधीं पाहा. पुढें तुम्ही कोणी अभियंते व्हाल, कोणी अधिकारी, कोणी कारखानदारहि व्हाल. त्या वेळीं तुमच्या हाताखालच्या गांवांत शेवटचा नळ कोणाच्या दाराशीं आहे, हें तुम्हांस नांवानिशीं ठाऊक असावें, एवढीच माझी इच्छा आहे.